अंजिराच्या काडीस मुळे कशी फुटतात?

आमच्या शाळेच्या वसतिगृहामागे, भांडी घासण्याच्या ओट्यालगत, अंजिराचे एक जुने झाड होते. ओट्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यावर ते वाढले. वैशाखात त्याची जांभळट फळे पिकू लागली म्हणजे ती आधी पोपटांच्या चोचीस लागतात की आपल्या हातास, याची वसतिगृहातील मुलांत दरसाल चुरस चाले. तीन वर्षांपूर्वी त्या झाडाच्या बुंध्यापाशी लाकडाचा बारीक भुसा साठू लागला, आणि खोडकिड्याने त्यास आतून पोखरल्याचे आमच्या ध्यानात आले. एकेक फांदी वाळू लागली. झाड वाचणार नाही हे दिसताच आम्ही निश्चय केला की, झाड गेले तरी त्याचा वंश राखावयाचा. ज्या फांद्या अजून निरोगी आहेत त्यांपासून नवी झाडे करावयाची. या कामात पहिल्या वर्षी आम्हांस पूर्ण अपयश आले, व दुसऱ्या वर्षी बरेचसे यश आले. ज्या चुकांनी आम्हांस शिकविले त्या आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम एक प्रश्न सहज उभा राहतो. फळ खाऊन त्यातील बिया पेराव्यात, तर काड्या कापण्याचा खटाटोप कशास? याचे उत्तर अंजिराच्या विलक्षण घडणीत आहे. क्वचित भेटणाऱ्या मनुष्यास आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. परंतु उंबरास फुले नसतात असे मात्र नाही. ती फळाच्या पोटात असतात. ज्यास आपण फळ म्हणतो ती वस्तुतः एक मांसल पिशवी असून तिच्या आतल्या बाजूस शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात. दत्तगुरूंचे स्थान म्हणून पूजिला जाणारा आपला उंबर आणि परदेशांतून आलेले अंजीर ही एकाच कुळातील भावंडे. वड व पिंपळ हेही त्याच कुळातले. पिकला उंबर फोडला तर आतून चिलटांसारखे बारीक कीटक बाहेर पडतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. फळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून अशा कीटकाची मादी आत शिरते, आणि तिच्या अंगावरील परागांनी आतल्या फुलांत बीज धरते.

अंजिराच्या काही जातींना अशा कीटकावाचून फळच टिकत नाही. तुर्कस्तानातील स्मर्ना येथील नामांकित अंजीर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लावले, तेव्हा झाडे उत्तम वाढली, पण फळे कोवळेपणीच गळू लागली. १८९९ साली तो कीटक तेथे नेऊन सोडला, तेव्हा कोठे फळे टिकली. आपल्याकडे लावतात ती पुण्याकडील जात मात्र निराळी आहे. तिचे फळ परागांवाचूनच पोसते व पिकते. यामुळे आपल्या अंजिरात मेलेला कीटक असेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु याच कारणाने त्यातील बिया पोकळ राहतात. त्या पेरून रोप उगवेल ही आशा व्यर्थ होय. सारांश, या झाडाचा वंश चालवावयाचा तर तो काडीनेच चालवावा लागतो.

काडीपासून झाड करण्याची विद्या आपल्या जिल्ह्यास नवीन नाही. ज्या कोहळी लोकांनी येथील कित्येक मोठे तलाव बांधले, त्यांनी त्या तलावांच्या पाण्यावर धानाबरोबर ऊसही पिकविला; आणि ऊस लावावयाचा तो कांडी पुरूनच. जास्वंद, मेंदी, शेवगा यांच्या फांद्याही आपण अशाच लावतो. अंजिरास तर हा गुण कुळानेच लाभला आहे. वडाच्या फांदीस हवेतच पारंब्या फुटतात, त्या काय आहेत? मुळेच आहेत. जेथे मुळे नसावयाची तेथे फुटणाऱ्या अशा मुळांस आगंतुक मुळे म्हणतात. सालीच्या लगत आत जो ओलसर, हिरवट थर असतो, त्याच्या आसपासच्या पेशींना प्रसंग पडल्यास मुळे होण्याची शक्ती असते, आणि अंजिराच्या अंगी ती विपुल आहे. काडी कापली म्हणजे पाने व कोंब यांत तयार होणारे एक द्रव्य, ज्यास शास्त्रज्ञ ऑक्झिन म्हणतात, ते खाली उतरून काडीच्या तळाशी साठते, आणि त्याच्या प्रेरणेने तेथे मुळांचे अंकुर जागे होतात. त्याच जातीच्या द्रव्याची भुकटी आज दुकानांत मिळते. पण अंजिरास तिची गरज फारशी पडत नाही.

ही विद्या किती प्राचीन असावी? यार्देन नदीच्या खोऱ्यात, यरीहो नगराजवळ, गिलगाल येथील उत्खननात जळून कोळसा झालेली नऊ लहान अंजिरे सापडली. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची आहेत. ती फळे आपल्या अंजिरासारखीच परागांवाचून पोसलेली होती. तेव्हा त्यांची झाडे कोणी तरी काड्या लावूनच वाढविली असली पाहिजेत, असे अनुमान शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले. इतर विद्वानांनी त्यावर शंकाही घेतल्या आहेत. तथापि ते अनुमान खरे असेल, तर मनुष्याने धान्य पेरून शेती करण्याच्याही आधी अंजिराची काडी मातीत रोवली होती असे म्हणावे लागेल.

आता आमच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगतो. फाल्गुन अर्धा सरला असता आम्ही बारा काड्या कापल्या, त्या शेतातील काळ्या कन्हार मातीने भरलेल्या कुंड्यांत खोचल्या, कुंड्या अंगणात उन्हात मांडल्या, आणि मुलांनी उत्साहाने सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. बारा-तेरा दिवसांत बाराही काड्यांना हिरवी पाने फुटली! सर्वत्र आनंदीआनंद झाला. आम्ही स्वतः प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेस ती शुभवार्ता सांगितली. पुढे चैत्र लागला, आणि पाने एकाएकी मान टाकू लागली. आम्ही पाणी वाढविले. पाने अधिकच सुकली. अखेर एक काडी उपटून पाहिली. तिचे खालचे टोक काळे पडून कुजले होते, आणि मुळाचा एक तंतूही तेथे नव्हता. बाराही काड्यांची तीच गत झालेली होती.

शुभवर्तमानात अशी कथा आहे की, पानांनी भरलेले एक अंजिराचे झाड दुरून पाहून प्रभु येशू फळाच्या आशेने त्याजवळ गेले, आणि पानांवाचून तेथे त्यांस काही आढळले नाही. ही कथा आम्ही वर्गात अनेकदा शिकविली आहे. पण पान म्हणजे पुरावा नव्हे, हे आमच्या मनात खऱ्या अर्थाने उतरले ते त्या बारा कुजक्या काड्या हाती घेतल्यावर.

मुळे नसताना पाने फुटतात कशी? गेल्या ऋतूत झाडाने आपल्या फांद्यांत पिठूळ अन्न साठवून ठेवलेले असते. काडी कापली तरी ती शिदोरी तिच्याजवळ राहते. हवा उबदार झाली की डोळे त्या शिदोरीवर फुटतात. परंतु पाने पसरताच त्यांतून पाण्याची वाफ होऊन जाऊ लागते, आणि ते पाणी भरून काढण्यास खाली मुळे नसतात. शिदोरीही संपते व पाणीही संपते, आणि काडी मरते. म्हणजे ही वर फुटणारी पाने व खाली फुटणारी मुळे यांच्यामधील शर्यत होय. या शर्यतीत मुळांस पुढे कसे ठेवावे, हाच साऱ्या कृतीचा गाभा आहे. तो ध्यानात धरला म्हणजे पुढील प्रत्येक सूचनेचे कारण आपोआप कळेल.

काळ. माघाच्या आरंभी, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, आपल्याकडील अंजिराची पाने झडलेली असतात व डोळे अजून फुगलेले नसतात. हीच काड्या कापण्याची वेळ. त्यावेळी शिदोरी पूर्ण असते. आणि मुळे धरण्यास चार ते सहा आठवडे लागतात म्हणून चैत्राच्या उन्हापूर्वी काम उरकते. फाल्गुनात आरंभ करणे ही आमची पहिली चूक होती.

काडी. गेल्या वर्षी वाढलेली, पण पक्व होऊन करडी झालेली फांदी निवडावी. शेंड्याकडील हिरवे, लुसलुशीत लाकूड कुजते, आणि फार जुने लाकूड आळशी असते. जाडी पेन्सिलीहून थोडी अधिक, लांबी एक वीत, आणि तीवर तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यावा, कारण मुळे बहुधा तेथेच लवकर धरतात. वरचा काप डोळ्याच्या अर्धा इंच वर तिरपा घ्यावा. म्हणजे वर-खाली ओळखण्यात घोटाळा होत नाही, कारण उलटी रोवलेली काडी क्वचितच जगते. चाकू धारदार व स्वच्छ असावा. कापातून दुधासारखा चीक निघतो. तो अंगास लागून ऊन पडले तर कातडीस फोड येतात, म्हणून लहान मुलांनी हे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे आणि हात धुवावे. ज्या झाडाच्या पानांवर पिवळे, वेडेवाकडे डाग असतील त्याची काडी घेऊ नये. तो विषाणूचा रोग असू शकतो, व आईचा रोग काडीबरोबर लेकरातही येतो. काड्या परगावाहून आणावयाच्या असल्यास ओलसर फडक्यात गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. आठवडाभर त्यांस काही होत नाही.

माती. मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते. आमची कन्हार माती ओली झाली की चिकट गोळा होते व तीत हवा शिरत नाही. काड्या कुजल्या त्या यामुळेच. दुसऱ्या वर्षी आम्ही वैनगंगेची जाड रेती स्वच्छ धुऊन घेतली, आणि तीत निम्म्याने धानाचे अर्धवट जाळून काळे केलेले तूस मिसळले. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात तूस कोठेही मिळते. ते हलके असते, ओल धरते व कुजत नाही. शेणखत मात्र या अवस्थेत मुळीच घालू नये. मुळेच नाहीत तर ते खावे कोणी? उलट त्याने कूज वाढते.

रोवणी. तळाशी छिद्रे पाडलेली कुंडी, तेलाचा जुना डबा किंवा पिशवी, काहीही चालते. काडीचे दोन भाग मातीत व एक भाग वर ठेवावा. वर एक, फार तर दोन डोळे असावेत. काडी दाबून खुपसू नये. आधी दुसऱ्या काटकीने भोक पाडून मग तीत ती ठेवावी व भोवतालची रेती दाबावी. वरच्या कापावर थोडे मेण लावल्यास तेथून ओल उडत नाही.

जागा व पाणी. कुंडी पडवीत ठेवावी. भरपूर उजेड, पण ऊन नाही. आम्ही ती पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवली, कारण तेथील हवा नेहमी दमट असते. दमट हवेत पानांतून वाफ कमी होते, आणि शर्यतीत मुळांस सवड मिळते. प्रारंभी एकदा भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर मात्र बोट पेराएवढे रेतीत घालून पाहावे, आणि तेथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. रोज पाणी घालण्याची हौस आवरणे हे मुलांस सर्वांत कठीण जाते. आम्ही कुंड्यांशी एक पाटी टांगून 'बोट घालून पाहिल्यावाचून पाणी घालू नये' असे लिहिले होते.

धीर. मुळे फुटली की नाही हे पाहण्यासाठी काडी उपटणे किंवा हलविणे, म्हणजे नुकत्याच फुटलेल्या काचेसारख्या ठिसूळ मुळांचा नाश करणे होय. ज्यांस पाहिल्यावाचून राहवत नाही त्यांनी एखादी काडी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात लावावी व त्याभोवती काळा कागद गुंडाळावा. तो क्षणभर दूर करताच पांढरी मुळे पेल्याच्या कडेस दिसतात. एरवी खूण एकच. पहिली दोन-तीन पाने येऊन वाढ थांबते. मग काही दिवसांनी ती पुन्हा सुरू होऊन नवी, मोठी पाने येऊ लागतात. ही दुसरी पालवी शिदोरीची नव्हे, मुळांच्या कमाईची असते. ती दिसल्यावर काडी जगली असे म्हणावे, त्यापूर्वी नव्हे.

या रीतीने दुसऱ्या वर्षी सोळा काड्या लावल्या, त्यांपैकी अकरा जगल्या. एकीची मुळे आमच्याच घाईने कुंडी बदलताना तुटली. उरलेल्या दहा रोपांना, मुळे करडी होऊन बळकट झाल्यावर, मोठ्या पिशव्यांत माती व जुने शेणखत घालून हलविले, संपूर्ण उन्हाळा सावलीत काढू दिला, आणि आषाढात दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जमिनीत लावले.

जमिनीविषयी पालकांस दोन शब्द स्पष्ट सांगणे अवश्य आहे. अंजिराच्या शेतीने भंडाऱ्यात पैसा मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. या पिकाचे खरे घर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका होय. तेथील अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे पाऊस थोडा, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची. आपल्याकडे वर्षास सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या ओलीत पानांवर तांबेरा पडतो, आणि पावसाळी बहाराची फळे फुटून नासतात. आपण आशा धरावी ती उन्हाळी बहाराची, म्हणजे चैत्र-वैशाखात पिकणाऱ्या फळांची. यासाठी धानाची बांधी किंवा सखल कन्हार जमीन टाळावी. सिहार अथवा बरडी जमीन असल्यास उत्तम. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून तो माती व कुजलेल्या खताने जमिनीवर उंचवटा होईल इतका भरावा, म्हणजे पाणी बुंध्याशी साचत नाही. घराची भिंत व विहीर यांपासून झाड पंधरा फूट तरी दूर असावे, कारण त्याची मुळे दूरवर शिरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा बुंध्याभोवती तणसाचे जाड आच्छादन करावे. बुंध्यावर भुसा दिसतो का हे वरचेवर पाहावे. आम्ही ते वेळीच पाहिले असते, तर कदाचित हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. एवढे केल्यास घरच्या मुलांपुरती फळे देणारे एक झाड अंगणात उभे राहते, आणि तेवढे पुरेसे आहे.

पहिल्या वर्षी काड्या मेल्या तेव्हा एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले, "रोपवाटिकेत अंजिराचे तयार रोप मिळते, मग हा त्रास कशासाठी?" प्रश्न योग्यच होता. रोपवाटिकेतून अंजीर मिळाले असते, पण हे अंजीर मिळाले नसते. बी पेरून होते ते अपत्य. काडीपासून होते ते तेच झाड, केवळ दुसऱ्या जागी उभे राहिलेले. गेल्या वर्षी ज्येष्ठातील वादळात ते जुने झाड मुळासकट कोसळले. सकाळी मुले त्याभोवती उगीच उभी होती. परंतु त्यापूर्वीच त्याची दहा रोपे जमिनीत रुजली होती. तीन शाळेच्या आवारात आहेत, आणि सात विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी नेली. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर इतक्या दूरवर आज ते झाड पसरले आहे. यंदाच्या वैशाखात आवारातील एका झाडास चार फळे आली. स्वयंपाकघरातील वृद्ध मावशींनी एक फोडून चाखले व म्हटले, "हे आपल्या ओट्याजवळचेच."

लूककृत शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड तोडून टाकावे असे मालक म्हणतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. आम्हांस त्या माळ्याचे कौतुक यासाठी वाटते की, त्याने नुसती मुदत मागितली नाही. त्या मुदतीत आपण झाडाभोवती खणू व खत घालू, हेही त्याने सांगितले. आमच्या पहिल्या वर्षीच्या बारा काड्यांनंतर आम्हीही एक वर्ष मागून घेतले, पण त्या वर्षात रेती धुतली, तूस जाळले आणि पाणी घालणारा हात आवरला.

येत्या माघात आवारातील झाडांच्या काड्या कापण्यात येतील. ज्या विद्यार्थ्यांस हव्या असतील त्यांनी पौष संपण्यापूर्वी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे, आणि येताना वैनगंगेची धुतलेली रेती भरलेला एक डबा बरोबर आणावा. डब्याच्या तळाशी छिद्रे पाडलेली आहेत की नाहीत, हे आम्ही काडी देण्यापूर्वी पाहू.